सर्व्हर रूम थंड ठेवायची तर: एसी घेण्याआधीपासून मे महिन्यातल्या चाचणीपर्यंत

एसी १६ वर, दार उघडलं की अंगावर काटा येतो, आणि तरीही वरच्या सर्व्हरचे पंखे किंचाळताहेत. पतसंस्थेचं मुख्य कार्यालय असो, मध्यम आकाराचं रुग्णालय असो, कॉलेज असो की एमआयडीसीतला कारखाना, चित्र हेच. मग आणखी एक एसी येतो. हिवाळा बरा जातो आणि एप्रिलमध्ये पुन्हा तीच तक्रार.

याचं कारण म्हणजे कामाचा क्रमच उलटा असतो. आधी एसी घेतात, मग तो लावायला भिंत शोधतात. हवा कुठून कुठे जाते हे नंतर कधीतरी बघितलं जातं, आणि खोलीत उष्णता किती तयार होते हे तर कोणी मोजतच नाही. खालचे टप्पे एक ते पाच रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवायच्या उभ्या कपाटांच्या, खोलीसाठी आहेत. ऐरोली-महापेच्या मोठ्या डेटा सेंटरांत हे बघायला वेगळे अभियंते असतात. तुमच्याकडे बहुधा एक आयटीवाला, एक एसी मेकॅनिक आणि एक इलेक्ट्रिशियन आहे, आणि तिघांची एकत्र भेट क्वचितच होते. जमलं तर पहिल्या दिवशी तिघांना एकाच वेळी खोलीत उभं करा.

## टप्पा १: उष्णता मोजा

सर्व्हर जितकी वीज घेतो, जवळजवळ तितकीच उष्णता खोलीत सोडतो. म्हणून सुरुवात यूपीएसच्या डिस्प्लेपासून करायची.

१. यूपीएसचा आउटपुट लोड किलोवॅटमध्ये वाचा. केव्हीए किंवा टक्के नकोत. दिवसाच्या गर्दीच्या वेळी वाचा आणि रात्री डेटाचा बॅकअप चालू असतानाही वाचा. जास्त असेल तो आकडा धरा.

२. यूपीएस त्याच खोलीत असेल तर त्याची स्वतःची उष्णता मिळवा. लोडच्या ५ ते १० टक्के धरलेत तर चालेल.

३. दिवे आणि आत काम करणारा माणूस यांचे मिळून दोन-अडीचशे वॅट धरा.

४. भिंती आणि छत बघा. वर थेट गच्ची किंवा पश्चिमेला खिडकी असेल तर छोट्या खोलीलाही एक किलोवॅट धरा. मधल्या मजल्यावरची आतली खोली असेल तर याच्या निम्म्याहून कमी.

उदाहरण घेऊ. तीन रॅक, यूपीएसवर ६ किलोवॅट. यूपीएसचे ०.५, दिवे-माणूस ०.२, गच्चीखालची खोली म्हणून १. एकूण ७.७ किलोवॅट. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट, म्हणून २.२ टन.

पण इथे थांबायचं नाही. एसीवर लिहिलेल्या टनात हवेतला ओलावा काढण्याचं कामही मोजलेलं असतं. सर्व्हर घाम गाळत नाहीत. त्यांना फक्त तापमान उतरवणारा भाग उपयोगी. साध्या स्प्लिट एसीसाठी आकडा १.३ ने गुणा, म्हणजे २.९ टन. शिवाय ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मेमध्ये ४५ अंशांत तोच एसी कमी काम करतो, म्हणून तिकडे आणखी १०-१५ टक्के वाढवा. आपण सव्वातीन टनांवर आलो.

दुकानदार मात्र खोलीचं क्षेत्रफळ विचारेल. दहा बाय बाराची खोली ऐकून तो दीड टन सांगेल. घरातल्या बेडरूमसाठी तो हिशेब ठीक आहे.

नेहमीची चूक: सर्व्हरच्या मागच्या पाटीवरचे ७५० वॅट गुणिले दोन पॉवर सप्लाय अशी बेरीज करणे. ती कमाल क्षमता असते, प्रत्यक्ष वापर नाही. अशा बेरजेतून दुप्पट-तिप्पट टन येतात. गरजेपेक्षा फार मोठा साधा एसी सारखा चालू-बंद होत राहतो, तापमान वरखाली होतं आणि कॉम्प्रेसर लवकर जातो.

## टप्पा २: तापमान योग्य जागी मोजा

भिंतीवरचं घड्याळवजा थर्मामीटर काढून ठेवा. एका रॅकला चार सेन्सर लागतात: समोरच्या बाजूला खाली, मध्ये आणि वर, आणि चौथा मागे वर. सेन्सर स्वस्त मिळतात. बहुतेक सर्व्हर आपल्या तोंडाशी येणाऱ्या हवेचं तापमान स्वतःच मोजतात. आयड्रॅक, आयएलओ किंवा तत्सम व्यवस्थापन पानावर ते दिसतं. आठवडाभराच्या नोंदी घ्या, त्यात एक रविवार येऊ द्या, कारण रविवारी ऑफिसचा मुख्य एसी बंद असतो.

या क्षेत्रातले निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची आहे. पाठीमागची हवा ३५-३८ अंश असली तरी बिघडत नाही, ती गरमच असायला हवी.

तपासा: समोरच्या खालच्या आणि वरच्या सेन्सरमध्ये पाच अंशांहून जास्त फरक आहे? मग टनांचा हिशेब बाजूला ठेवा. मागची गरम हवा वरून फिरून पुन्हा समोर येते आहे. नवा एसी घेऊन हे सुटणार नाही. टप्पा ४ मध्ये सुटेल, आणि तेही फार कमी खर्चात.

## टप्पा ३: खोली बंद करा

खिडकीला आतून इन्सुलेशनचा बोर्ड लावा, नुसता पडदा पुरत नाही. एक्झॉस्ट पंखा असेल तर त्याचं भोक बुजवा. केबल येण्याची भोकं, दाराखालची फट, फॉल्स सीलिंगमधल्या उघड्या टाइल्स, सगळं बंद. फॉल्स सीलिंगच्या वर शेजारच्या केबिनशी जोडलेली पोकळी निघते हे फार खोल्यांत दिसतं; थंड हवा तिकडे जाते आणि शेजारचे लोक एसीचं कौतुक करतात.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हेच काम दुप्पट महत्त्वाचं ठरतं. फटीतून आलेला ओलावा काढण्यात एसीची ताकद जाते आणि सर्व्हरच्या वाट्याला कमी येते.

यूपीएसच्या बॅटऱ्या शक्य असेल तर वेगळ्या खोलीत ठेवा, पण तिलाही एसी हवा. सीलबंद लेड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं. त्याच्या वर दर ८-१० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. जिन्याखाली ठेवलेल्या बॅटऱ्या लवकर का मरतात, ते यावरून कळेल.

वर काय आहे तेही बघा. संडास, पाण्याची टाकी किंवा पॅन्ट्री असेल तर खोली बदलण्याचा विचार आत्ताच करा.

## टप्पा ४: हवेला वाट द्या

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, आणि घाईत नेमका हाच टप्पा वगळला जातो. सर्व्हर समोरून थंड हवा घेतो आणि मागे गरम सोडतो. त्या दोन हवा एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, बस.

१. सगळे रॅक एकाच दिशेला तोंड करून लावा. दोन ओळी असतील तर समोरासमोर तोंडं, पाठीला पाठ. एका ओळीची गरम हवा दुसरीच्या तोंडावर जाते अशी रचना आजही आढळते, कारण रॅक लावणाऱ्याने केबलची सोय पाहिलेली असते.

२. काचेचं दार काढा. रॅकचं समोरचं दार काचेचं असेल तर सर्व्हर अक्षरशः कोंडून ठेवलेला असतो. जाळीचं दार बसवा. ते येईपर्यंत दाराविना ठेवा आणि खोलीला कुलूप लावा.

३. रिकाम्या जागा झाका. ४२ यूच्या (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) रॅकमध्ये १५ यू भरलेले असतात, बाकी उघडं. त्या मोकळ्या जागेतून मागची गरम हवा पुढे येते. ब्लँकिंग पॅनल प्लॅस्टिकचे मिळतात, हाताने बसतात. तेही नसतील तर मापाची प्लॅस्टिक शीट कापून लावा. पुठ्ठा नको, आगीला आमंत्रण. रॅकच्या बाजूच्या पट्टीलगतच्या फटी आणि खालची मोकळी जागाही यातच येते.

४. स्विचची दिशा तपासा. नेटवर्क स्विच पुष्कळदा पोर्ट मागे येतील असे उलटे बसवतात, आणि त्यांचे पंखे हवा कुठल्या बाजूने ओढतात हे कोणी बघत नाही. काही मॉडेल पोर्टकडून हवा घेतात, काही पोर्टकडे सोडतात, काही बाजूने बाजूला. कागदाची चिंधी धरून पाहा: चिकटली तर हवा आत जाते, उडाली तर बाहेर. गरम हवा समोर सोडणारा एकच स्विच वरच्या तीन सर्व्हरांचं तापमान बिघडवू शकतो.

५. मागच्या केबल आवरा. पॉवर सप्लायच्या पंख्यासमोर केबलींचा झुपका असेल तर हवा बाहेर पडत नाही.

६. जड सर्व्हर खाली. जास्त उष्णता सोडणारे सर्व्हर खालच्या आणि मधल्या जागांत, पॅच पॅनल (नेटवर्क केबल जोडायची पट्टी) वर.

आता एसीची जागा. भिंतीवरचा स्प्लिट वरून हवा ओढतो आणि खालून पुढे फेकतो. म्हणून तो रॅकच्या तोंडासमोरच्या भिंतीवर हवा: थंड झोत रॅकच्या समोर उतरतो, मागून वर चढलेली गरम हवा छतालगत परत येऊन एसीच्या डोक्यात शिरते. रॅकच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेला एसी थंड हवा गरम हवेत ओततो, आणि सर्व्हरला मिळतं ते कोमट मिश्रण. थेट रॅकच्या वर लावलेला तर त्याहून वाईट, कारण ड्रेन तुंबला की पाणी सरळ सर्व्हरवर.

तपासा: हे सगळं करून दोन दिवस थांबा आणि पुन्हा सेन्सर वाचा. वरचा आकडा उतरला असेल. काही ठिकाणी इथेच काम संपतं आणि नव्या एसीचं कोटेशन फाइलला लागतं.

## टप्पा ५: यंत्र निवडा

साधा इन्व्हर्टर स्प्लिट. एकूण ७-८ किलोवॅटपर्यंत व्यवहार्य. तीन अटी: वीज गेल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय, ५० अंशांच्या आसपास बाहेरचं तापमान सोसणारं मॉडेल, आणि वॉरंटीच्या कागदात चोवीस तासांचा व्यावसायिक वापर मान्य असणं. तिसरी अट वाचायची राहते आणि मग वाद होतात. घरचा एसी दिवसातले काही तास गृहीत धरून बनवलेला असतो, इथे वर्षाचे ८७६० तास आहेत.

प्रिसिजन एसी. बाजारात याला पीएसी म्हणतात. चोवीस तासांसाठीच बनवलेला, जवळपास सगळी ताकद तापमानावर, ओलाव्याचं नियंत्रण वेगळं, अलार्म आतच. महाग आहे आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. १० किलोवॅटच्या पुढे गेलात किंवा बंद पडल्यावर होणारं नुकसान मोठं असेल तर घ्या. आधी सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत पोचेल हे लेखी मागा.

इन-रो आणि कुलिंगसह बंद रॅक. एकाच रॅकमध्ये ८-१० किलोवॅट असतील तर भिंतीवरच्या एसीचा झोत तिथवर पुरेशा प्रमाणात पोचत नाही. एका किलोवॅटला मिनिटाला साधारण १६० घनफूट हवा लागते, म्हणजे दहा किलोवॅटला १६००. तेव्हा थंड करणारं यंत्र रॅकच्या शेजारीच बसवतात. चांगली खोलीच नसेल, ऑफिसच्या कोपऱ्यात एकच रॅक ठेवायचा असेल, तरी बंद रॅक उपयोगी.

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आणि थेट चिपपर्यंत पाणी नेणारं लिक्विड कुलिंग हे मोठ्या इमारतींचे आणि एआयच्या जीपीयू रॅकचे विषय. कोणी तुमच्या तीन रॅकसाठी ते विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

आणि हे घेऊ नका: डेझर्ट कुलर, विदर्भात तो घरोघरी असला तरी, कारण तो पाणी आणि धूळ आत आणतो. एका नळीचा पोर्टेबल एसी, कारण तो आतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटीतून आत ओढतो. खिडकी उघडून एक्झॉस्ट, पुण्याच्या थंडीत मोह होतो, पण वर्षभराची धूळ सर्व्हरच्या पोटात जाते.

किती यंत्रं? गरज भागून एक जास्त. आपल्या उदाहरणात सव्वातीन टन हवेत, तर दोन टनांचे तीन एसी: एक बंद पडला तरी चार टन उरतात आणि पुढे एखादा सर्व्हर वाढवायलाही जागा राहते. साडेतीन टनांचं एकच मोठं यंत्र कागदावर स्वस्त दिसतं. ते रात्री दोनला बंद पडतं तेव्हा महाग पडतं.

## टप्पा ६: बसवताना उभं राहा

मेकॅनिकवर सोपवून जाऊ नका. चार गोष्टींसाठी तिथे असायलाच हवं.

आउटडोअर. पश्चिमेच्या उन्हात नको, अरुंद डक्टमध्ये नको, दोन आउटडोअर एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकतील असे नको. शिडीशिवाय हात पोचेल अशी जागा हवी, नाहीतर सर्व्हिसिंग होणार नाही. समुद्राजवळ खारी हवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या खाते, तिथे गंजरोधक लेपाचा कंडेन्सर मागा. कबुतरांसाठी जाळी लावा, पण आउटडोअरला चिकटून नको.

गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम. पंप लावून पाइपमधली हवा काढली पाहिजे. गॅसचा फवारा मारून हवा काढण्याचा झटपट प्रकार चालू देऊ नका. आत राहिलेला ओलावा पुढे कॉम्प्रेसर खातो.

ड्रेन. पाइपला सलग उतार हवा, कुठेही पोट नको. कॉपर पाइपवरचं इन्सुलेशन सांध्यावरही अखंड हवं, नाहीतर तिथून घाम ठिबकतो. एक बादली पाणी ट्रेमध्ये सावकाश ओतून बाहेर येतं का ते बघा. इनडोअरखाली पाणी ओळखणारा छोटा सेन्सर ठेवा.

वीज. प्रत्येक एसीला वेगळा एमसीबी, शक्यतो वेगळा फेज. एक फेज गेला की सगळे एसी एकदम बंद, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. एसी सर्व्हरच्या यूपीएसवर लावू नका. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका यूपीएसला ट्रिप करू शकतो. ते जनरेटरवर हवेत, आणि वीज परतल्यावर एकामागून एक, तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सुरू व्हायला हवेत.

अग्निशमनासाठी गॅसची यंत्रणा असेल तर अलार्म झाला की एसी आपोआप बंद व्हायला हवेत, नाहीतर तो गॅस हवेसोबत इकडेतिकडे जाईल.

## टप्पा ७: सेटिंग

एसी २२ ते २४ वर ठेवा. तो आपल्या डोक्यात शिरणारी परतीची हवा मोजतो, रॅकच्या तोंडची नाही. २४ वर लावलेला एसी समोर त्याच्या बऱ्याच खालचा झोत टाकत असतो. १६ वर लावल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही. त्यात फिल्टर मळलेला किंवा गॅस कमी असला की कॉइलवर बर्फ जमतो, हवा बंद होते, आणि बर्फ वितळला की ट्रे भरून वाहतो.

तिन्ही एसींचं तापमान सारखंच ठेवा. एक १८, एक २४ असं ठेवलं तर एकच मरेपर्यंत राबतो. राखीव एसी कायम बंद ठेवण्यापेक्षा सिक्वेन्सर टायमर लावून आठवड्याला पाळी बदला, आणि रॅकसमोरचं तापमान वाढल्यास तिसरा आपोआप सुरू होईल अशी जोडणी करून घ्या. रिमोटला दोरी बांधून भिंतीला अडकवा आणि इतर कोणी हात लावणार नाही हे बघा.

## टप्पा ८: अलार्म

रॅकसमोर २७ अंशांना इशारा, ३२ ला सर्व्हर बंद करायला सुरुवात. इशारा मोबाइलच्या सिमवरून जाणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हवा.

नेहमीची चूक: इशारा पाठवणारा प्रोग्रॅम त्याच खोलीतल्या सर्व्हरवर, त्याच स्विचमधून, त्याच इंटरनेटवर चालतो. खोली तापली की आधी तोच गप्प होतो.

दाराच्या बाहेर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा: कोणाला फोन करायचा, दुसरा फोन कोणाला, चावी कुठे. रविवारी तिथे फक्त वॉचमन असतो आणि तो कागद त्याला वाचता आला पाहिजे.

## टप्पा ९: मेमध्ये, दुपारी तीनला चाचणी

हिवाळ्यात सकाळी घेतलेली चाचणी काही सिद्ध करत नाही. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा लंडनमध्ये गूगलच्या एका डेटा सेंटर इमारतीचं कुलिंग कोलमडलं. यंत्रणेची परीक्षा नेहमी सर्वात वाईट दुपारी होते, मग ती दुपार आपणच निवडावी.

१. डेटाचा बॅकअप पूर्ण असल्याची खात्री करा, लोकांना कळवा.

२. एक एसी बंद करा. एक तास सेन्सर बघा. २७ च्या आत राहिलं तर उत्तीर्ण. तो सुरू करून दुसरा, मग तिसरा, प्रत्येक जोडी तपासा.

३. मुख्य वीज पाडा. जनरेटर किती सेकंदांत येतो, एसी आपोआप सुरू होतात का, कोणत्या तापमानावर येतात ते लिहा. काही मॉडेल आधीचं सेटिंग विसरतात.

४. सगळे एसी बंद करून वरचा सेन्सर ३० ला पोचायला किती मिनिटं लागतात ते मोजा आणि लगेच सुरू करा. दहा बाय बारा, दहा फूट उंच खोलीत साडेसहा किलोवॅट उष्णता असेल, तर नुसत्या हवेच्या हिशेबाने तापमान मिनिटाला नऊ अंशांहून जास्त वाढतं. भिंती आणि लोखंड बरीचशी उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, पण तासभर सवड नक्कीच नसते. यूपीएसचा बॅकअप दोन तासांचा आणि एसीला जनरेटर नाही अशा ठिकाणी सर्व्हर वीज असूनही तापून बंद पडतो.

५. मिळालेल्या मिनिटांवरून बंद करण्याचा क्रम लिहा: आधी चाचणीचे सर्व्हर, मग ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, मग स्टोरेज, शेवटी स्विच.

त्या मिनिटांत दार उघडून पंखा लावायचाच असेल तर रॅकच्या पाठीमागची गरम हवा बाहेर ढकलेल असा लावा.

## टप्पा १०: देखभाल

फिल्टर दर पंधरा दिवसांनी, धुळीच्या भागात आठवड्याला. कॉइल आणि आउटडोअर धुणं फेब्रुवारीअखेर, म्हणजे उन्हाळ्याआधी. ड्रेन पावसाळ्याआधी पुन्हा एकदा. दिवाळीच्या रंगरंगोटीत भिंत घासायची असेल तर आधी रॅक झाकायचे नाहीत, खोलीच वगळायची. चालू सर्व्हरवर प्लॅस्टिक टाकून तो भाजून काढल्याची उदाहरणं आहेत.

एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) आला की एका वेळी एकच एसी उघडू द्या आणि तो चालू होऊन थंड हवा देईपर्यंत दुसऱ्याला हात नाही. १४ ऑक्टोबर २०२३ ला सिंगापूरमध्ये एका डेटा सेंटरच्या थंड पाण्याच्या यंत्रणेचं काम करताना कंत्राटदाराकडून चुकीचा सिग्नल गेला, व्हॉल्व्ह बंद झाले, आणि डीबीएस व सिटीबँकेच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. तिथे यंत्र बिघडलं नव्हतं, यंत्रणा सुधारण्याचं ठरलेलं काम चालू होतं.

नवा सर्व्हर आला की टप्पा १ ची बेरीज पुन्हा करा आणि रॅकच्या आतल्या बाजूला तारीख घालून चिकटवा.